काळ्या थानातले जांभळे पट्टे

कॅमेऱ्याबद्दल लोक मला दोनच प्रश्न विचारतात. एक, "किती मेगापिक्सेल?" आणि दुसरा, "जुना चांगला की नवा?" पहिल्याचं उत्तर मी समोरच्याचा चेहरा बघून ठोकून देतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र ठोकून देताना आजही जीभ अडखळते. एकदा त्याच प्रश्नाच्या नादात माझ्यामुळे एका सरळ माणसावर चोरीचा आळ आला होता. संपादकांनी "धंद्यातले गमतीदार अनुभव" मागितलेत. गमतीदार म्हणजे मी कुठे कुठे आपटलो ते, एवढं मला कळतं. तर ऐका.

भिवंडीत माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली, मागे निळा पडदा आणि खुंटीला एक तयार टाय बांधलेला कोट. गावातल्या निम्म्या लोकांच्या पासपोर्टवर तो एकच कोट आहे. बाकी माझं पोट लग्नांवर. आणि आमच्याकडची लग्नं म्हणजे खरं तर हळदी. हळदीला फोटो कमी पडले तर लग्न झालंच नाही असं मानणारी माणसं आमची.

असेच एक गिऱ्हाईक म्हणजे मानकोलीचे जोमाशेठ. वडिलांपर्यंत भातशेती आणि खाडीतली मासळी. मग हायवेच्या बाजूच्या शेतांत गोदामं उभी राहिली, भाडी सुरू झाली आणि जोमाचे जोमाशेठ झाले. स्वभाव तोच राहिला. दोन हजार सात साली शेठ टूरबरोबर सिंगापूरला गेले, तिथे कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले आणि त्यांनी एकच चौकशी केली, सगळ्यात भारी कुठला. दुकानदाराने खरोखरच सगळ्यात भारी काढून दिला. आठवड्याने शेठ तो घेऊन माझ्या दुकानात. चेहरा उतरलेला.

"विनायक, मना फशवला रं. एवरा भारी कॅमेरा, आन् झूम न्हाय!"

"शेठ, या जातीला झूम नसतोच."

"फोकस बी आपोआप व्हत न्हाय. माझ्या पोराच्या मोबाइलला झूम हाय! मंग यात काय हाय?"

मी आधी हात शर्टाला पुसले, मग कॅमेरा हातात घेतला. फिल्मच्या काळात ज्याचे फोटो फक्त मासिकात बघितले होते, त्या जातीचा हा डिजिटल वंशज होता. कंपनीचं नाव सांगत नाही, पुढे तिची थोडी अब्रू जायची आहे.

ही जात काय असते ते सांगतो. एरवी मोठ्या कॅमेऱ्यात आपण भिंगातूनच बघतो. यात भिंगाच्या शेजारी एक वेगळी छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक उजळ चौकोन. त्या चौकोनात समोरचा माणूस दुहेरी दिसतो, जरा सरकलेला. दोन नाकं, चार डोळे. मग भिंगाचं कडं हळूहळू फिरवायचं. दोन्ही नाकं एकमेकांवर बरोबर बसली की फोकस झाला. याला म्हणतात रेंजफाइंडर. सगळं हाताने. डोळा आणि बोटं यांचा संसार आहे तो, मध्ये मोटरबिटर कोणी नाही.

मी शेठना हे इतक्या भक्तिभावाने समजावलं की ते म्हणाले, "मंग तूच वापर. आमच्या पुतन्याचा लगीन हाय, त्याचं फोटो यानीच काड." डब्यात एक गुलाबीसर चमकणारी गोल काचही होती, भिंगावर बसवायची. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, त्यामुळे मी ते वाचलं नाही. इंग्रजी येत नव्हती म्हणून नव्हे. मला आधीच सगळं येत होतं म्हणून. ती काच शेठच्या नातीने भातुकलीला मागितली. रंग बघून मला वाटलं चैनीची वस्तू असेल. दिली.

हळदीच्या दिवशी मी गळ्यात तो कॅमेरा अडकवून मांडवात शिरलो तो जणू माझंच लग्न. खिडकीतून बघतोय, नाकं जुळवतोय, बटण दाबतोय. चाळीस फोटो झाले. बॅटरी वाचावी म्हणून मागचा पडदा बंद ठेवला होता. नवरदेवाची एक आत्या हळदीने माखलेले हात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरं बाबा, त्याचं झाकन त काड!"

खिडकी भिंगापासून वेगळी असल्याचा तोटा हा असा. भिंगावर टोपण तसंच असलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसतं. चाळीसही फोटो कोळशासारखे. मांडवातल्या बायका आठवडाभर तेच बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी लग्नात टोपण काढलेलं होतं. तिथे वेगळंच झालं. नवऱ्याने काळा कोट घातला होता, तेव्हाच्या फॅशनचा, चकचकीत टेरिकॉटसारख्या कापडाचा. प्रिंट आले तेव्हा कोट जांभळा. पिकलेल्या जांभळासारखा. मी थेट कल्याणच्या लॅबवाल्याकडे जाऊन भांडलो. तो म्हणाला तुझ्या फाइलमध्येच जांभळा आहे. मी म्हटलं माझ्या मॉनिटरवर काळा दिसतोय. आता माझा मॉनिटर असा होता की त्यावर मी स्वतःही अर्धा हिरवा दिसायचो, तो कशाची साक्ष देणार? पण मी शेवटपर्यंत लॅबवाल्यालाच दोषी धरलं, आणि नवऱ्याच्या आईला सांगितलं, "मावशी, लाइटमध्ये तसा शेड येतो." मावशी म्हणाल्या, "माझ्या पोराचा कोट मी शिवायला टाकला व्हता. मना सांगू नको." त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

दोन वर्षं गेली. दोन हजार नऊ संपत आलं आणि शेठनी त्याच कंपनीचा नवा कॅमेरा मागवला. का? तर कोणीतरी सांगितलं, नवा निघालाय. दोन्ही कॅमेरे घेऊन आम्ही त्यांच्या ओट्यावर बसलो. जुना आणि नवा, दिसायला सख्खे भाऊ. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची दुपार असेल. गेटबाहेर उभा असलेला कंटेनर, अंगणातली सुकत घातलेली सुकटं आणि स्वतः शेठ, एवढ्यांचे आम्ही दोन्ही कॅमेऱ्यांनी आलटून पालटून फोटो काढले.

जुन्यातली फोटो टिपणारी चिप फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होती. भिंग बघायचं मोठं दृश्य आणि कडा कापल्या जायच्या. म्हणजे कंटेनरचं तोंड यायचं, शेपूट बाहेर. नव्यात पुरी चौकट. त्याच जागेवरून, त्याच भिंगाने कंटेनर नंबरप्लेटपासून मागच्या दिव्यांपर्यंत अख्खा. जुन्यात सावलीत गेलं की फोटोत रव्यासारखे ठिपके पडायचे, नव्यात निम्मेच. जुन्याचा आवाज मोठा, बटण दाबलं की खटॅक आणि मागून घर्र. नवा जरा सभ्य. पण जुन्याच्या डोक्यावर एक इवलीशी गोल काच होती, कार्डात किती फोटो उरले आणि बॅटरी किती हे ती सतत दाखवायची. नव्यात ती काढून टाकलेली. का काढली देव जाणे. मला तीच सगळ्यात आवडायची. आणि उन्हातल्या फोटोला जुन्यात एक धार होती. सुकटांच्या मिशा मोजता येतील अशी.

"मंग कंचा चांगला?" शेठ.

"नवा," मी म्हटलं, पण जुना काही हातातून खाली ठेववेना.

शेठच्या ते ध्यानात आलं. "जुना तुझ्याकडं ठेव. वापर. पर झाकन काडून वापर."

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतोय त्या गोष्टीकडे येतो.

शेठच्या एका गोदामात किशोरभाई म्हणून कापडाचे व्यापारी भाडेकरू होते. बोलायला गोड, वागायला चोख, घड्याळ बघत बोलणारे. आमच्या गावातला कापडाचा धंदा बाहेरच्याला कळत नाही, म्हणून सांगतो. व्यापारी सूत विकत घेतो आणि लूमवाल्याला, म्हणजे यंत्रमाग चालवणाऱ्याला, देतो. लूमवाला ते विणून कापड परत देतो आणि फक्त विणण्याची मजुरी घेतो. म्हणजे लूमवाल्याच्या कारखान्यात पडलेला सगळा माल दुसऱ्याचा. त्याचं स्वतःचं काय, तर माग आणि नाव. नाव गेलं की कोणी सूत देत नाही, सूत नाही तर माग म्हणजे भंगार.

किशोरभाईंचं सूत कामतघरचे रहमतचाचा विणायचे. बारा लूम, बारा कारीगर. चाचा उंच, काटकुळे, भुवयांवर कायम सुताचा भुगा. कापडावर नुसता तळहात फिरवून कुठे धागा तुटलाय ते सांगायचे.

त्या थंडीत किशोरभाईंना आखातातल्या एका गिऱ्हाइकाला काळं कापड पाठवायचं होतं, बुरख्याचं. रंगवलेलं काळं पॉलिस्टर सूत चाचांना दिलं, थानं, म्हणजे कापडाचे तागे, विणून आली. गिऱ्हाइकाला ईमेलवर फोटो हवे होते. शेठनी माझं नाव सुचवलं. मी जुना कॅमेरा घेऊन गोदामात गेलो, दोन हॅलोजन लावले, थानं उलगडून लोंबती सोडली आणि काढले फोटो. किशोरभाई म्हणाले, "विनायकभाई, काळा रंग नीट यायला हवा हां." मी म्हटलं, "किशोरभाई, एवढा भारी कॅमेरा अख्ख्या भिवंडीत दुसऱ्याकडे नाही. डोळ्याला दिसत नाही ते याला दिसतं."

हे शेवटचं वाक्य मी का बोललो कोण जाणे. ते शंभर टक्के खरं निघालं.

माझ्या त्या हिरवट मॉनिटरवर फोटो एकदा वरवर बघितले, सीडी केली, दोन मोठे प्रिंट काढले, मागे स्टुडिओचा शिक्का मारला आणि देऊन मोकळा झालो.

चौथ्या दिवशी सकाळी मी शटर उघडतोय तर पायरीवर रहमतचाचा बसलेले. काखेत थान. एरवी कारखाना सोडून ते मशिदीशिवाय कुठे जायचे नाहीत.

"विनायकभाई, ये फोटू आपने निकाला?"

"मीच काढला चाचा! कसा आलाय?" मी, अजून हसतोय.

त्यांनी प्रिंट माझ्यासमोर धरला. काळ्या कापडावर आडवे जांभळे पट्टे. एक पट्टा काळा, एक जांभळा, पुन्हा काळा. काही ठिकाणी पट्टा दुप्पट रुंद. मग त्यांनी काखेतलं थान काउंटरवर उलगडलं. काळंभोर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"किशोरभाई कल कारखाने में आया. बारा कारीगर के सामने बोला, रहमत, तू चोर निकला. अच्छा सूत बाजार में बेचा और बाने में हलका डाल दिया."

कापडात उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. ताणा एकदा मागावर चढला की चढला, बाण्याचं सूत मात्र सतत बदलत जातं. चोरी करणारा करतो ती बाण्यात. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून आडवे पट्टे बघितल्यावर किशोरभाईंना दुसरं काही सुचलंच नाही.

"मैंने थान दिखाया. बोला, आँख धोखा खा सकती है, ये कैमरा नहीं. विनायकभाई ने खुद बोला है." चाचांनी माझ्याकडे बघितलं. "आपने बोला?"

मी म्हटलं, "चाचा, तो लॅबवाला आहे ना..."

"लॅबवाला कौन है मुझे क्या मालूम? पीछे ठप्पा आपका है."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "सुबह दूसरे व्यापारी ने भी सूत रोक दिया. बोला, बाद में देखते हैं. आज ताने का बीम उतरेगा, फिर बारा लूम खड़े. कारीगर पूछ रहे हैं, गाँव जाएँ क्या."

मला तेव्हा तो नवऱ्याचा जांभळा कोट आठवला.

दुपारपर्यंत मी सायबर कॅफेत बसून होतो. जे दोन वर्षांपूर्वी पुस्तकात वाचायचं ते तिथे तासाला पैसे देऊन वाचलं. सूर्याच्या आणि हॅलोजनच्या उजेडात डोळ्याला न दिसणारा तांबड्यापलीकडचा एक प्रकाश असतो. बहुतेक कॅमेऱ्यांत तो अडवायला आत जाड काच बसवतात. या जुन्या मॉडेलमध्ये फोटोला धार यावी म्हणून ती काच पातळ ठेवली होती. काही काळी कापडं, विशेषतः सिंथेटिक, हा न दिसणारा प्रकाश परत फेकतात. कॅमेरा तो टिपतो आणि बिचाऱ्याला काय रंग द्यावा कळत नाही, म्हणून जांभळा देतो. उपाय म्हणून भिंगावर एक काच लावायची.

गुलाबीसर चमकणारी. गोल.

मी जुना कॅमेरा घेऊन शेठच्या घरी धावलो. नात दोन वर्षांनी मोठी झाली होती. काचेत तिने भात वाढला होता, लिमलेटच्या गोळ्या वाढल्या होत्या, शेवटी ती फुटली होती. शेठना मी सगळं सांगितलं, ते विश्वास ठेवेनात. म्हणून टीव्हीचा रिमोट घेतला, बटण दाबून धरायला लावलं आणि रिमोटच्या तोंडाचा फोटो जुन्याने काढला. पडद्यावर रिमोटच्या टोकाला लख्ख दिवा पेटलेला. डोळ्यांनी बघावं तर काहीच नाही. नव्याने काढला तर जेमतेम ठिपका.

"यात भूत हाय का काय रं?" शेठनी रिमोट उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचं काय? नवा कॅमेरा घे, आन् चल. मी बी येतंय."

उतरत्या दुपारी आम्ही गोदामात. किशोरभाई, चाचा, शेठ आणि दोन कॅमेरे गळ्यात अडकवून मी. तीच थानं, तेच हॅलोजन. जुन्याने काढला, पट्टे. नव्याने काढला, अख्खं थान काळं. मी दोन्ही पडदे किशोरभाईंच्या नाकासमोर धरले, सर्कशीतल्या माणसासारखा.

किशोरभाई शांतपणे म्हणाले, "दोन कॅमेरे, दोन गोष्टी. यातला खोटा कोण?"

"जुना."

"का? आज तो तुम्हाला सोयीचा नाही म्हणून? त्या दिवशी तर डोळ्याला दिसत नाही ते याला दिसतं म्हणत होतात."

शेठ खाकरले. मी जुना कॅमेरा उचलला आणि किशोरभाईंच्या काळ्या पँटचा फोटो काढला. पडद्यावर कमरेखाली किशोरभाई जांभळे. त्यांनी पडदा बघितला, पँट बघितली, पुन्हा पडदा. गोदामातले हमाल तोंड फिरवून हसत होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "कॅमेरा येडा आहे. रहमतभाई, विषय संपला. उद्या सूत घेऊन जा."

मला वाटलं जिंकलो. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी वायर गुंडाळायला घेतली.

"रुको," चाचा म्हणाले.

ते माझा तो जुना प्रिंट हातात धरून उभे होते.

"पागल है, तो पूरा थान जामुनी क्यों नहीं? पागल आदमी हफ्ते में तीन दिन पागल नहीं होता."

मी त्यांचा कुर्ता मागून ओढला. "चाचा, झालं ना आता!"

त्यांनी माझा हात बाजूला केला आणि प्रिंटमधल्या पट्ट्याच्या हिशोबाने थानावर बोटं टेकवली. एक, दोन, तीन, चार. प्रिंट बघितला, थान बघितलं, पुन्हा मोजलं. "ये पट्टा एक कांडी का नाप है."

मागावर बाण्याचं सूत इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायला छोट्या छोट्या कांड्यांवर गुंडाळतात. एक कांडी संपली की दुसरी. एका कांडीत काही बोटंच कापड विणून होतं. म्हणजे पट्टे कॅमेऱ्याच्या लहरीने पडलेले नव्हते. कांडी बदलली की रंग बदलत होता.

किशोरभाईंचा आवाज एकदम थंड झाला. "म्हणजे तुम्हीच कबूल करताय, बाण्यात दोन प्रकारचं सूत आहे."

"दो सूत है," चाचा म्हणाले.

 सुटलेला माणूस स्वतःहून परत फासात मान घालत होता. शेठ कुजबुजले, "म्हातारा येरा झाला का काय?"

"दो सूत है. देखने में एक, रंगाई अलग. लेकिन मैंने नहीं मिलाया. आपके यहाँ उसी माल की पेटी पड़ी होगी. बंद. खोलो."

किशोरभाईंनी रचून ठेवलेल्या पेट्यांकडे बघितलं.  त्यांच्या जागी मी असतो तर पेटी सापडत नाही म्हणालो असतो. पण मघाशी म्हटलं तसा माणूस चोख. त्यांनी हमालाला हाक मारली. कंपनीची पट्टी न तुटलेली पेटी आली. शेठनी स्वतः पट्टी तपासली, मग हमालाने ती कापली. आतले सुताचे कोन, म्हणजे शंकूसारखी रिळं, बाहेर काढून जमिनीवर एका रांगेत उभे केले. बारा. सगळे काळे कुळकुळीत. उन्हात नेऊन बघा, ट्यूबखाली बघा, एकाला झाका एकाला काढा.

मी टोपण काढलंय ना ते दोनदा बघितलं. चौकोनातले दोन कोन एकावर एक बसवले. खटॅक, घर्र.

पडद्यावर सात काळे आणि पाच जांभळे.

नव्याने काढला. बारा काळे.

 किशोरभाई खाली वाकले आणि जांभळ्या निघालेल्या कोनाच्या आतलं लेबल वाचू लागले. लॉट नंबर वेगळा होता. सात कोनांचा एक, पाचांचा दुसरा, एकाच पेटीत.

"छह महीने धूप में पहनते, तो एक पट्टा उतर जाता, दूसरा नहीं," चाचा म्हणाले. "दो रंगाई कभी साथ में नहीं उतरती. आपका गिऱ्हाईक परदेस से गाली देता."

किशोरभाईंनी सुताच्या दलालाला फोन लावला. तो कोण आणि काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. फोन ठेवून ते चाचांकडे वळले. "रहमतभाई, माझ्याकडून चूक झाली. उद्यापासून..."

"यहाँ नहीं," चाचा म्हणाले.

"म्हणजे?"

"जहाँ चोर बोला था, वहाँ. बारा लोग के सामने बोला था. बारा लोग के सामने बोलो."

किशोरभाईंनी घड्याळ बघितलं. मग चपला घातल्या. आम्ही शेठच्या जीपमधून कामतघरला निघालो.  मी दोन्ही कॅमेरे पोटाशी धरून मागे बसलो होतो आणि खरं सांगतो, मनातून खूश होतो. आता दुसऱ्याची फजिती बघायला मिळणार होती. असा योग माझ्या आयुष्यात क्वचित येतो.

ज्यांनी लूमचा कारखाना बघितला नाही त्यांना तिथला आवाज सांगून कळणार नाही. तिथे माणसं ओठ आणि हात बघून बोलतात. आत शिरल्यावर किशोरभाई चाचांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले. चाचांनी मान हलवली, नाही. किशोरभाईंनी कारीगरांकडे तोंड करून मोठ्याने काहीतरी म्हटलं. ओठ हललेले दिसले. कोणाला काही ऐकू गेलं नाही. ते वळून चाचांकडे बघू लागले, झालं ना अशा नजरेने.

चाचा भिंतीकडे गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

चालू शिफ्टमध्ये स्वतःच्या हाताने स्विच ओढणारा लूमवाला मी तोवर बघितला नव्हता. वीज गेली तर शिव्या घालणारी माणसं ती. बारा लूम अडखळत, दमत, एकामागून एक गप्प झाले. कुठेतरी नळ गळत होता, तो ऐकू यायला लागला. कारीगर माना वर करून उभे राहिले.

"अब बोलो," चाचा म्हणाले.

किशोरभाईंनी घसा साफ केला. "सूत मेरे गोदाम से ही मिला हुआ आया था. रहमतभाई ने कुछ नहीं किया. मैंने गलत बोला था."

"सुनाई नहीं दिया, सेठ," मागच्या लूमवरून एक आवाज आला. त्या शांततेत उंदीर धावला असता तरी ऐकू आलं असतं. चाचांनी तिकडे डोळे वटारले, पण हसू लपलं नाही. किशोरभाईंनी ते सगळं पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि या वेळी हात जोडून.

मी मान डोलावली. बरं झालं, असं मनात म्हटलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की चाचा आता किशोरभाईंकडे बघत नाहीयेत. माझ्याकडे बघताहेत. हात अजून स्विचवरच.

"और आप, फोटोवाले?"

मी मागे बघितलं. मागे भिंत होती.

"चाचा, मी तर... मीच ना कॅमेरे घेऊन..." बारा कारीगर, किशोरभाई, शेठ, सगळे माझ्याकडे बघत होते. लॅबवाला आठवला, मॉनिटर आठवला, नात आठवली. एकही उपयोगाचा नव्हता. "चाचा, चूक माझी. न बघता फोटो दिला. आणि वर बढाई मारली."

"हिंदी में बोलो," चाचा म्हणाले. "ये लोग यूपी के हैं, बलिया के."

"मैंने बिना देखे फोटो दिया," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "ठप्पा मेरा था. गलती मेरी है. आपका नाम मैंने खराब किया."

शेठनी माझ्या गळ्यातला एक कॅमेरा हळूच काढून घेतला. मला वाटतं ओझं हलकं करायला. कारीगर आपापल्या जागी वळले. चाचांनी स्विच वर ढकलला. एकेक माग पुन्हा खडखडायला लागला, बोलणं बुडालं, आणि त्या गोंगाटात चाचांनी आम्हा तिघांकडे बघून बोटांनी कप धरल्यासारखं केलं आणि भुवया उडवल्या. चहा घेणार का?